रिकाम्या खोलीला महिन्याचं बिल कशाला?

पाहुण्यांच्या खोलीत टीव्ही लावायचा तर छत्री घ्यावी, केबल ओढावी, दुसरा बॉक्स घ्यावा की मोबाइलच्या नेटवर भागवावं? पैसे मोजण्याआधी करायचा हिशोब.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्यासारख्या गावात आता स्लॅबची घरं वाढली आहेत आणि स्लॅब टाकताना एक जादा खोली काढलेली असतेच. सोनाजी महाराजांच्या यात्रेला येणारे सोयरे, दिवाळीला माहेरी येणाऱ्या लेकी, अकोला-पुण्याकडे शिकणारी पोरं यांच्यासाठी ती असते. बाकीचे दिवस तिथे जादा गाद्या आणि तुरीची पोती राहतात. मग कधीतरी घरात विषय निघतो की त्या खोलीतही एक टीव्ही असावा. हॉलमधला टीव्ही संध्याकाळी सातपासून मालिकांच्या ताब्यात असतो, आजोबांना बातम्या हव्या असतात आणि पोरांना मॅच.

दुकानात गेलं की बोलणं इंचांवरून सुरू होतं. बत्तीस घ्या, त्रेचाळीस घ्या, हप्त्यावर घ्या. त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे: टीव्हीत चित्र कुठून आणायचं? टीव्हीचे पैसे एकदा जातात, चित्राचे दर महिन्याला जाऊ शकतात. खोली वर्षातले दहा महिने बंद असेल तर हा फरक मोठा होतो.

आधी दिवस मोजा

एका कागदावर लिहा: त्या खोलीत वर्षातून किती रात्री माणूस झोपतो? समजा तीस. आता समजा दुसऱ्या जोडणीला महिना १५० रुपये पडतात. वर्षाचे झाले १,८००. म्हणजे पाहुण्याच्या एका रात्रीमागे टीव्हीचे साठ रुपये गेले, आणि उरलेल्या ३३५ रात्री रिचार्ज बंद खोलीत संपत राहिला.

हाच हिशोब आजोबांचा मुक्काम त्या खोलीत कायमचा हलला की उलटा होतो. रोज चार तास बघणारा माणूस असेल तर तेच १५० रुपये दिवसाला पाच रुपये होतात आणि ते देण्यात काहीच गैर नाही. म्हणून खोली पाहुण्यांची आहे की घरातल्या कुणाची, याचं उत्तर आधी हवं. पाहुण्यांची असेल तर खोली बंद असताना ज्याला पैसा लागत नाही, अशीच सोय घ्या. एकदाच खर्च होतो तो नीट करा आणि दर महिन्याचा टाळा.

बिनरिचार्जची छत्री

अशा खोलीसाठी पहिला विचार डीडी फ्री डिशचा करावा. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि वायर मिळून साधारण दोन हजार रुपये एकदाच लागतात. पुढे रिचार्ज नाही. खोली सहा महिने बंद ठेवा, परत बटण दाबा, चित्र हजर.

तिथे काय मिळतं? सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या, बातम्या, हिंदी सिनेमे, जुन्या मालिका आणि काही खासगी मराठी वाहिन्या. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि साधारण १ एप्रिलपासून यादी बदलते. त्यामुळे एप्रिलात एखादी वाहिनी अचानक दिसेनाशी झाली तर छत्री हलली असं समजून मेकॅनिकला बोलावू नका. रिमोटवरून आधी ऑटो स्कॅन करा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं, जागा बदललेली वाहिनी सापडते आणि नव्या आलेल्याही दिसतात.

मॅच बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून भारतीय संघाचा असा सामना कधी कधी फुकटच्या छत्रीवर दिसतो आणि महागड्या डीटीएचवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दिसत नाही. आयपीएल मात्र यात येत नाही.

उणी बाजूही मोठी आहे. स्टार प्रवाह किंवा झी मराठीची आज रात्रीची मालिका आजच बघायची असेल तर फ्री डिशच्या भरवशावर राहू नका. ज्यांचा जीव त्या मालिकांत आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय अपुरा आहे.

बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा घ्या. जुना एमपीईजी-२ चा बॉक्स थोडा स्वस्त मिळतो, पण त्यावर नव्या पद्धतीने येणाऱ्या वाहिन्या दिसत नाहीत. टीव्ही नवाच घेणार असाल तर खोक्यावर ‘डीव्हीबी-एस२’ किंवा ‘इनबिल्ट सॅटेलाइट ट्यूनर’ लिहिलंय का बघा. तसं असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते. वेगळा बॉक्स, वेगळा रिमोट, वेगळा प्लग काहीच लागत नाही, आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या आत्याबाईंना कोणता रिमोट कशाचा हे समजावत बसावं लागत नाही.

छत्री कुठे लावायची

सोनाळ्याला इथे एक सोय आपोआप मिळाली आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, म्हणजे आपल्याला ते दक्षिणेच्या आभाळात शोधावे लागतात. सातपुडा गावाच्या उत्तरेला आहे, त्यामुळे डोंगराची आड येत नाही. अडवतो तो अंगणातला कडुनिंब, शेजाऱ्याचा नवा मजला किंवा पाण्याची टाकी.

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सोनाळ्याहून तो आग्नेयेला, आभाळात निम्म्याहून बराच वर, साधारण ५९ अंशांवर येतो. होकायंत्र नसलं तरी जागा तपासता येते. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य जवळपास त्याच ठिकाणी असतो. त्या वेळी सूर्याकडे बघू नका, सावली बघा. जिथे छत्री लावायची त्या जागेवर झाडाची किंवा भिंतीची सावली पडत असेल तर तेच झाड, तीच भिंत उपग्रहालाही आडवी येणार. जागा चारदोन हात सरकवा. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र आपोआप जातं, कारण सूर्य थेट उपग्रहाच्या मागे येतो. ते आपणहून परततं, तेव्हा छत्रीला हात लावायचा नाही.

छत्रीकडे बघून ती कुठे रोखली आहे याचा अंदाज मात्र करू नका. तिची घडण तिरकी असल्यामुळे ती समोरच्या छपराकडे बघते असं वाटतं, प्रत्यक्षात ती त्याहून बरीच वर बघत असते. ‘अजून वर करा’ म्हणून बसवणाऱ्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बॉक्सच्या पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक दर्जाची. दर्जाची पट्टी जास्तीत जास्त होईपर्यंत त्याला कसू द्या आणि नंतरच पैसे द्या.

टिनाच्या पत्र्यावर छत्री ठोकू नका. वारा आला की पत्रा थरथरतो आणि चित्र फुटतं. आपल्या भागात वानरांचा उपद्रव वेगळा सांगायला नको. छत्रीवर एक उडी पडली की दिशा गेली. म्हणून ती भिंतीला किंवा स्लॅबच्या कठड्याच्या आतल्या बाजूला, लोखंडी ब्रॅकेटवर, अँकर बोल्टने पक्की करा. हात पोहोचेल अशी जागा असली तर पुढे दुरुस्तीला शिडीही लागत नाही.

घरावर बंद पडलेल्या डीटीएचची छत्री गंजत पडली असेल आणि ती तुमच्या मालकीची असेल, तर वाटी वापरता येते. तिची दिशा बदलून घ्या आणि जुना एलएनबी, म्हणजे दांड्यावरचा सिग्नल घेणारा भाग, चालतो का ते बसवणाऱ्याकडून तपासून घ्या. तो बदलावा लागला तरी नव्या छत्रीचा खर्च वाचतो.

हॉलच्या जोडणीवरून दुसरा टीव्ही

हॉलमध्ये पैसे भरून डीटीएच असेल तर ‘त्यातूनच एक वायर ओढा’ असं सगळे सुचवतात. यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली, हॉलच्या बॉक्समधूनच चित्र खोलीत नेणं. जास्तीचं बिल येत नाही, पण हॉलमध्ये जी वाहिनी लागलेली, तीच खोलीत दिसते. आजोबांच्या बातम्यांचा प्रश्न सुटत नाही. शिवाय साधी एचडीएमआय वायर दहा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, मधे दोन भिंती असल्या की तेवढं अंतर सहज होतं.

दुसरी, त्याच कंपनीचा दुसरा बॉक्स घेणं. आता दोन खोल्यांत दोन वाहिन्या दिसतात, पण दुसऱ्या बॉक्सचं वेगळं शुल्क लागतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२० च्या नियमानुसार घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच घेता येत होतं. २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची कमाल मर्यादा उठवली. म्हणून शेजाऱ्याला किती पडतं हे विचारून भागणार नाही. तुमच्या पॅकवर दुसऱ्या बॉक्सचे महिन्याला एकूण किती, करासकट, हे कंपनीकडून विचारा आणि मेसेजवर मागून घ्या.

तिसरी, एका छत्रीवर दोन बॉक्स चालवताना वायर कशी ओढायची. इथे स्वस्तातला स्प्लिटर लावणारे खूप भेटतात. एलएनबीला कोणत्या लहरी घ्यायच्या हे बॉक्स वायरीतूनच सांगतो, कधी १३ व्होल्ट पाठवून, कधी १८. एका वायरीवर दोन बॉक्स लावले की दोघांचे हुकूम एकमेकांत अडकतात आणि हॉलमध्ये वाहिनी बदलली की खोलीतलं चित्र गायब होतं. दोन तोंडांचा एलएनबी लावायचा आणि छत्रीपासून प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर न्यायची. हा खर्च एकदाच होतो, तो टाळू नका.

खोलीत फ्री डिश लावायची असेल तर हॉलच्या छत्रीवर ती चालेल असं धरून चालू नका. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, एअरटेलचा १०८.२ अंशांवर, म्हणजे प्रत्येक छत्री आभाळाच्या वेगळ्या भागाकडे रोखलेली असते.

केबल

गल्लीपर्यंत केबल आली असेल तर तीही तपासा. केबलचं डिजिटायझेशन ग्रामीण भागात मार्च २०१७ च्या मुदतीने पुरं करायचं होतं, त्यामुळे नुसती वायर टीव्हीला टोचून चालत नाही. प्रत्येक टीव्हीला बॉक्स लागतो. केबलचा एक फायदा खरा आहे: चित्र गेलं की दुरुस्तीला बोलवायला गावातलाच माणूस असतो. खोली वर्षातून एखादाच महिना वापरत असाल तर केबलवाल्याला सरळ विचारा की फक्त तेवढाच महिना दुसरा बॉक्स चालू करून मिळेल का. तोंडी होकार मिळाला तरी पुन्हा सुरू करण्याचे वेगळे पैसे लागतात का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

घरावर जुना काट्यांचा अँटेना असेल तर तो उतरवून भंगारात द्यायला हरकत नाही. दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक काही मोजके वगळता बंद झाले आहेत.

नेटवरचा टीव्ही

पोरं म्हणतील, छत्री कशाला, स्मार्ट टीव्ही घ्या आणि हॉटस्पॉट लावा. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर मिळतात आणि वेळ चुकली तरी बघता येतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचं अ‍ॅप काढलं, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात.

अडचण डेटाची आहे. साधं चित्र तासाला साधारण पाऊण ते एक जीबी खातं, एचडी तीन जीबीपर्यंत. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर मोठ्या पडद्यावर एचडी सिनेमा लावला तर मध्यंतराआधीच डेटा संपतो. हॉटस्पॉटवर बघायचंच असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दर्जा ४८० पर्यंत खाली आणा. बत्तीस इंचांवर फार खटकत नाही.

घरात आधीच फायबर किंवा एअरफायबर असेल तर हिशोब बदलतो. त्या नेटचे पैसे तुम्ही भरतच आहात, खोलीपुरता वेगळा खर्च नाही. मग खोलीत राउटरचा सिग्नल पोहोचतो का, एवढंच पाहायचं. टीव्ही घेण्याआधी रात्री आठ-नऊ वाजता, सगळा गाव नेट वापरत असताना, त्या खोलीत दार लावून पलंगावर बसा आणि फोनवर अर्धा तास व्हिडिओ लावा. चाक फिरत राहिलं तर स्मार्ट टीव्हीवरही तेच फिरणार. जाड भिंतीच्या जुन्या घरांत राउटर एका खोलीपलीकडे दम टाकतो. तेव्हा राउटरपासून नेटची एक वायर खोलीत ओढणं सगळ्यात पक्कं.

टीव्ही स्मार्ट नसेल पण त्याला एचडीएमआयची जागा असेल तर स्टिक लावून तो स्मार्ट होतो. पिवळी-लाल-पांढरी पिन असलेला जुना डबा टीव्ही असेल तर त्याला स्टिक लागणार नाही, फ्री डिशचा बॉक्स मात्र त्या पिनांवर चालेल, फक्त बॉक्सला तशी जागा आहे ना ते दुकानातच बघा.

टीव्ही केवढा

पलंगापासून समोरची भिंत सहा-सात फुटांवर असेल तर बत्तीस इंच पुरेसे आहेत. टीव्ही उशाला टेकून बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीला लावा. दाराच्या वर लावलेला टीव्ही बघून तासाभरात मान धरते. हॉलसाठी मोठा घेणार असाल तर जुना खोलीत हलवा. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे नवा पैसा हॉलच्या टीव्हीवर लावणं शहाणपणाचं.

लाईन, वीज आणि कूलर

बत्तीस इंची एलईडी साधारण पन्नास वॅट घेतो. रोज तीन तास चालवला तर महिन्याला साडेचार युनिट. त्याच्याखालचा बॉक्स दहा वॅट घेतो, पण रिमोटने बंद केला तरी अनेक बॉक्स जवळपास तेवढीच वीज ओढत राहतात. चोवीस तासांप्रमाणे महिन्याला सात युनिट होतात, म्हणजे टीव्हीपेक्षा जास्त, तेही कुणी न बघता. म्हणून प्लगजवळ बटण असलेला बोर्ड लावा आणि पाहुणे गेले की बटण खाली.

लाईन जाण्याचा त्रास असेल तर टीव्ही, बॉक्स आणि एक पंखा मिळून सुमारे १३० वॅट होतात. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर हे सात-आठ तास चालतं. स्टेबिलायझर घेण्याआधी टीव्हीच्या मागची पट्टी वाचा. ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर कमी दाबाची काळजी टीव्ही स्वतः घेतो. त्याऐवजी स्पाइक गार्ड आणि नीट अर्थिंगवर पैसे घाला.

उन्हाळ्यात त्याच खोलीत कूलर लागणार, हे धरूनच टीव्हीची भिंत ठरवा. कूलरची ओलसर हवा थेट टीव्हीच्या पाठीवर येऊ देऊ नका आणि दोघांना एकाच एक्स्टेन्शनवर चालवू नका. टिनाचं छप्पर असेल तर टीव्ही पत्र्यापासून जितका खाली तितका बरा. मृगाआधी विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून थांबू नका, टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. छत्रीमार्गे येणारा झटका बटण अडवत नाही.

कोणी काय घ्यावं

पाहुणे वर्षातून महिनाभर असतील आणि घरात फायबर नसेल तर फ्री डिश लावा. मालिकेचा हट्ट असलेल्या पाहुण्याला त्याचा स्वतःचा मोबाइल आहेच. घरात फायबर असेल तर स्मार्ट टीव्ही किंवा स्टिक, आणि नेट गेलं तर हाताशी असावी म्हणून परवडल्यास फ्री डिश. आजोबा-आजी रोज तिथेच राहत असतील तर हॉलच्याच कंपनीचा दुसरा बॉक्स, दोन तोंडांच्या एलएनबीसह. कारण त्यांना रिमोटवरचे तेच आकडे पाठ असतात आणि वयाच्या सत्तरीत त्यांना अ‍ॅप शिकवण्यापेक्षा महिन्याचे पैसे देणं सोपं. शिकणारी पोरं सुट्टीत येऊन राहणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळं काही करू नका. ती फोनवरून टीव्हीवर लावून घेतील.

दुकानात जाताना तीन गोष्टी लिहून न्या: खोली वर्षातून किती रात्री वापरात असते, खोलीत आज नेट किती चालतं आणि छत्रीच्या जागेवर आग्नेयेकडून काय आड येतं. चौथी गोष्ट दुकानदाराला विचारायची: खोली बंद असताना याला महिन्याला किती लागतील? उत्तर शून्य नसेल, तर ते पैसे कोणाच्या रोजच्या उपयोगाला येणार आहेत, हे घरात बसून ठरवा आणि मगच घ्या.